बीओएससाठी यंत्र निवडताना

मोडी कागद वाचायचा तर लिपी शिकली की भागते. बंद पडलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा अभ्यास करायचा तर आधी तिच्या काळातले यंत्र शोधावे लागते. ते कोणते असावे हे ठरवताना त्या काळचे व्यवहार आणि नकारही समजून घ्यावे लागतात. बीओएस हे याचे बोलके उदाहरण. तिची पाचवी आवृत्ती मार्च 2000 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी पाम कंपनीने 1 कोटी 10 लाख डॉलरच्या व्यवहारात तिची मालमत्ता घेतली. ती कोणत्या यंत्रावर चालते आणि कोणत्या नाही, याची यादी वाचली तर कंपनीचे सगळे चरित्रच समोर येते.

ॲपलमधील वरिष्ठ अधिकारी झां-लुई गासे यांनी 1990 मध्ये तेथून बाहेर पडून बी कंपनी काढली. पहिले नमुने एटी अँड टीच्या हॉबिट प्रोसेसरवर बेतले होते. तो प्रोसेसरच बंद झाला आणि काम नव्याने पॉवरपीसीवर करावे लागले. 1995 मध्ये आलेल्या बीबॉक्समध्ये 66 मेगाहर्ट्झचे दोन पॉवरपीसी 603 होते. कोणत्या प्रोसेसरवर किती भार आहे हे दाखवणाऱ्या दिव्यांच्या दोन रांगा यंत्राच्या दर्शनी भागावरच होत्या. मात्र ही यंत्रे दोन हजारही बनली नाहीत. अभ्यासकाने बीबॉक्स संग्रहालयात पाहावा. विकत घेण्याच्या फंदात पडू नये.

दुसरा पर्याय मॅकिंटॉशचा. 1996 मध्ये ॲपल नव्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या शोधात होती आणि बीशी बोलणी चालू होती. किमतीवर एकमत झाले नाही. डिसेंबरमध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घेण्याचे जाहीर केले आणि स्टीव्ह जॉब्ज परतले. पुढल्या महिन्यात बीबॉक्सचे उत्पादन थांबले. 1997 च्या अखेरीस जी3 मॅक आले, तेव्हा ॲपल त्यांची तांत्रिक माहिती देत नाही, असे बीने सांगितले. प्रोसेसर ओळखीचाच होता. अडले ते त्याच्या भोवतीच्या चिपांपाशी. म्हणून नियम असा : पीसीआय खाचा असलेला, 603 किंवा 604 प्रोसेसरचा पॉवर मॅक घ्यावा, उदाहरणार्थ 8500 किंवा 9500. त्यांच्यानंतर आलेला वेगवान जी3 पाहून मोह होतो, पण तो निरुपयोगी.

माझ्या मते खरी निवड इंटेलच्या बाजूला आहे. मार्च 1998 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून बीओएस इंटेल यंत्रांवर चालू लागली. त्याच वर्षी इंटेलचा 440बीएक्स चिपसेट आला, आणि या दोघांचे जमते. त्यावर पेंटियम टू किंवा सुरुवातीचा पेंटियम थ्री असावा. बीएक्सला 1 गिगाबाइटहून जास्त मेमरी घेताच येत नाही, आणि पाचव्या आवृत्तीलाही त्याहून जास्त मेमरी पचत नाही. यंत्र सुरूच होत नाही. ॲथलॉन एक्सपीसारख्या नंतरच्या प्रोसेसरांसाठी पॅच लावावा लागतो. ग्राफिक्स कार्ड मॅट्रॉक्सचे जी200 किंवा जी400 बरे. ओळखीचे कार्ड नसेल तर पडदा 640 बाय 480 च्या करड्या छटांत उघडतो. नेटवर्कसाठी एनई2000 जातीचे साधे कार्डही चालते.

दोन प्रोसेसर हवे असतील तर 1999 चा ॲबिट कंपनीचा बीपी6 मदरबोर्ड. त्यावर दोन स्वस्त सेलेरॉन बसतात. सेलेरॉन जोडीने वापरावेत असे इंटेलच्या मनात नव्हते, हे त्यातले खुमासदार! प्रत्येक खिडकीला स्वतःचा थ्रेड देणाऱ्या बीओएसला अशी जोडी फारच मानवली.

यादी एवढी तोकडी का? ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ग्राहक दिसावे लागतात, आणि दुकानातून बीओएससह येणारे संगणक जवळजवळ नव्हतेच. हिताचीने काही यंत्रांत ती विंडोजच्या जोडीला भरली होती, पण सुरू करताना निवडीचा पर्यायच दिसत नसे. मायक्रोसॉफ्टचे परवाना-करार याला कारणीभूत आहेत, असा आरोप करत बीने 2002 मध्ये दावा लावला. 2003 मध्ये मायक्रोसॉफ्टने चूक मान्य न करता 2 कोटी 32 लाख 50 हजार डॉलर देऊन तो मिटवला. तोवर कंपनी गुंडाळली गेली होती.

यावर कोणी म्हणेल, हायकू आहे ना! 2001 मध्ये स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या या मुक्त प्रकल्पाची 32 बिट आवृत्ती बीओएसचे जुने प्रोग्राम आजही चालवते. एम्युलेटरही आहेत. प्रोग्राम पाहायला तेवढे पुरे. पण बीचा दावा वेगळाच होता : त्या काळच्या माफक यंत्रावर एकाच वेळी अनेक चित्रफिती चालू ठेवूनही माउस अडखळणार नाही. आजच्या प्रोसेसरवर काहीच अडखळत नाही, त्यामुळे हा दावा तिथे तपासता येत नाही. त्यासाठी 1999 चे यंत्रच हवे, आणि ती यंत्रे भंगारात चालली आहेत. बीपी6 वरचे कॅपॅसिटर फुगण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. बोर्ड घेताना वेग नंतर विचारावा. आधी त्या छोट्या नळकांड्यांची टोके सपाट आहेत का ते पाहावे. फुगली असतील तर वीज देण्यापूर्वीच बदलून घ्यावीत.