फुफ्फुसातली झाडलोट

‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यात एक युद्ध दडलेलं आहे, हे ध्यानातच येत नाही. शत्रू, हल्ला, पहारा, सैनिक. ही भाषा शरीराच्या विचारात रुळली, त्याला सव्वाशे-दीडशे वर्षं झाली. तिनं काय दाखवलं आणि काय झाकलं, हे आज आपण फुफ्फुसाच्या उदाहरणावरून पाहू.

फुफ्फुसच का? कारण या घराला दार लावून घेता येत नाही. दिवसाकाठी दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत येते, आणि तिच्याबरोबर धूळ, धूर, जंतू. जाडी धूळ नाकात आणि श्वासनळीच्या चिकट स्रावात अडकते; तिथली सूक्ष्म केसांसारखी लव ती घशाकडे ढकलते. पण अगदी बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत जातात. तिथे ना लव, ना तो चिकटा. मग तिथला केर काढतं कोण?

एकोणिसाव्या शतकातला पहिला वाद काळ्या रंगाचा होता. कोळसा खाणीतल्या मजुरांची फुफ्फुसं मरणोत्तर तपासणीत काळी दिसत. हा काळेपणा बाहेरच्या धुळीचा, की रक्तातल्या रंगद्रव्याचा? फिर्शोसारखा दिग्गजही आधी रक्ताच्या बाजूचा होता. १८६७ साली झेंकर या जर्मन वैद्यानं कामगाराच्या फुफ्फुसात आयर्न ऑक्साइडची लाल पूड दाखवली, तेव्हा धूळ आत जाऊन मुक्काम करते हे नाकारणं अवघड झालं. सूक्ष्मदर्शकाखाली अशी धूळ पोटात घेतलेल्या गोल पेशी दिसत. त्यांना ‘धूलिपेशी’ म्हणू लागले. त्या काय करतात, याची उपपत्ती मात्र कुणाकडे नव्हती.

ती दिली एली मेचनिकॉफनं. १८८२ च्या मार्चमध्ये कॉखनं बर्लिनला क्षयाचा जंतू जाहीर केला. त्याच वर्षाच्या शेवटी सिसिलीतल्या मेसिना गावी मेचनिकॉफनं तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती जमलेल्या पेशी पाहिल्या. यातून ‘भक्षक पेशीं’चा सिद्धान्त निघाला: परक्याला गिळणाऱ्या पेशी हेच शरीराचं संरक्षण. या माणसाची पहिली पत्नी लुडमिला क्षयानं १८७३ साली गेली होती. लग्नाच्या वेळीच ती इतकी अशक्त होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. संरक्षणाचा प्रश्न त्याच्यासाठी नुसता पुस्तकी नव्हता.

विरोधकांचं म्हणणं, संरक्षण पेशींत नाही, रक्तद्रवात आहे. वाद पंचवीसेक वर्षं चालला, आणि १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि एर्लिख यांना विभागून मिळालं. याच मेचनिकॉफचा ओडेसातला विद्यार्थी हाफकिन. प्लेगच्या साथीत तो मुंबईला आला आणि १८९७ च्या जानेवारीत त्यानं स्वतःची लस स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या संस्थेला नाव आहे ते त्याचं.

पण युद्धाची गोष्ट फुफ्फुसात अडखळते. क्षयाचा जंतू वायुकोशात उतरतो, तिथली भक्षक पेशी त्याला नेमानं गिळते, आणि तो तिच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. पेशीची पचवण्याची व्यवस्था तो रोखून धरतो. ज्या रोगानं लुडमिला गेली, त्या रोगाचा आसरा म्हणजे तिच्या नवऱ्यानं रक्षक ठरवलेल्या जातीची पेशी!

दुसरी अडचण उशिरा कळली. १९७० च्या सुमारास सर्वमान्य मत असं होतं की या पेशी रक्तातून कुमक यावी तशा सतत येत राहतात. १९९४ साली उंदरांमधलं एक जनुक काढून टाकलं गेलं. या जनुकापासून बनणारं द्रव्य रक्तपेशींच्या वाढीसाठी लागतं असा समज होता, म्हणून रक्तात मोठा बिघाड दिसेल अशी अपेक्षा होती. रक्त जवळपास ठीक राहिलं. बिघडलं फुफ्फुस. वायुकोशांना आतून लागणारा स्निग्ध थर रोज थोडा तयार होतो आणि जुना काढावा लागतो. तो काढणाऱ्या पेशी नीट तयारच न झाल्यानं वायुकोश त्या थरानं भरून गेले. पुढे २०१३ च्या आसपास उंदरांवरच्याच प्रयोगांत दिसलं की या पेशी जन्माच्या सुमाराला फुफ्फुसात वस्तीला येतात आणि पुढे तिथेच आपली संख्या राखतात. म्हणजे बाहेरून धाडलेली फौज नव्हे, गावकरीच. आणि त्यांचं रोजचं काम लढाईचं कमी, झाडलोटीचं जास्त. ऊठसूट लढत बसल्या असत्या, तर सुजेनंच श्वास कोंडला असता.

सैनिक डोळ्यांत भरतो, झाडणारी दिसत नाही. समाजात हे आपण ओळखून आहोत. शरीरशास्त्रातही तेच झालं.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते खरा. दगड फोडताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ या पेशी गिळतात. ती पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते, तीही मरते. फुफ्फुसात व्रण साठत जातात. हा सिलिकोसिस. त्यातून सफाईच मोडल्यानं क्षयाला रान मोकळं मिळतं. इथे पेशीचं काय चुकलं? तिनं कर्तव्यच केलं. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं खडी फोडणाऱ्याला सांगणं निरर्थक आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्यानं या रोगाची माहिती सरकारला कळवणं बंधनकारक केलं. पण पाच-सात माणसं राबतात अशी दगडकामाची शेड त्या कायद्याच्या व्याख्येत सहसा ‘कारखाना’ ठरतच नव्हती. व्याख्या म्हणजे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा खेळ, असं लोक म्हणतात. इथे व्याख्येवर माणसाचा श्वास अवलंबून होता.

उपाय जुना आणि साधा आहे: दगड कापताना पाणी मारा, धूळ उडतानाच ओढून घ्या. शरीरानं आतली झाडलोट जन्मापासून सांभाळली. बाहेरची झाडलोट हे तुमचं-आमचं काम आहे, आणि ते आपण मजुराच्या फुफ्फुसावर सोपवून मोकळे झालो आहोत.