गिरणगावची भूमी आणि मराठी साहित्याचे वाचन

मराठी समीक्षेत 'महानगरीय जाणीव' ही संज्ञा प्रामुख्याने साठोत्तरी साहित्याच्या चर्चेतून रूढ झाली. एकाकीपणा, परात्मता, गर्दीतले हरवलेपण, यांत्रिकतेचा दाब ही तिची ठरून गेलेली लक्षणे होत. या संज्ञेने एका पिढीचे साहित्य समजून घेण्यास साहाय्य केले, हे नाकारता येणार नाही. परंतु तिच्या व्यूहात महानगर येते ते एक मनःस्थिती म्हणून. भूमी म्हणून ते येत नाही. रस्ता, खोली, नाका, गिरणीचे आवार यांना तेथे पार्श्वभूमीचे स्थान मिळते. ही भूमी कोणाची होती, कोणत्या व्यवस्थेने ती वसली आणि कोणत्या नियमाने ती उठली, हे प्रश्न वाङ्मयबाह्य ठरवले जातात. मुंबईच्या मध्यभागाचा, म्हणजे गिरणगावचा, गेल्या दीड शतकाचा इतिहास समोर ठेवला असता हे तथाकथित वाङ्मयबाह्यत्व तपासून पाहणे अपरिहार्य ठरते.

१

'मध्यभाग' हा शब्द प्रथम तपासावयास हवा. परळ-लालबागचा परिसर मुळात मुंबईचा मध्य नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई म्हणजे कोट आणि त्याबाहेरची दाट 'देशी' वस्ती. परळ हे शहराबाहेरचे हवेशीर ठिकाण होते. गव्हर्नरचे निवासस्थान तेथे असण्याचे कारण हेच. अठराव्या शतकात वरळीची खाडी बांधून काढल्यावर बेटांमधली जी सखल, पाणथळ जमीन हळूहळू वापरात आली, तिच्यावर पुढे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली पहिली गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापाराने शहरात पैसा आणला, त्याच दशकात कोटाची तटबंदी पाडली गेली, आणि १८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते या स्थित्यंतराच्या ऐन उंबरठ्यावर. मुंबईचे समग्र वर्णन करण्याची मराठी गद्याची ही इच्छा शहर कोटाबाहेर सांडू लागले त्याच काळात जन्मावी, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

गिरण्या वाढल्या तसे परळचे स्वरूप पालटले. धुराड्यांच्या शेजारी गव्हर्नर राहीनासा झाला, आणि १८९६ च्या प्लेगनंतर त्याच जुन्या निवासस्थानात १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा आली. सत्ताधाऱ्याचा बंगला रोगाच्या प्रयोगशाळेत रूपांतरित व्हावा, यातच त्या भागाच्या बदललेल्या प्रतिष्ठेची खूण आहे. प्लेगच्याच धक्क्याने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याला मध्यमवर्गासाठी नियोजित वसाहती आखल्या. श्रमिकांच्या वाट्याला मात्र चाळ आली. १९२० च्या दशकात विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळी या तिचे सर्वांत ठळक रूप: २०७ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची.

शहर जसजसे उत्तरेकडे पसरत गेले, तसतसा एके काळचा हा सीमाप्रदेश शहराच्या मधोमध आला. गिरणगाव जागचे हलले नाही. त्याच्याभोवतीचे शहर हलले. भौगोलिक मध्य आणि सामाजिक परीघ एकाच जागी असणे, ही या परिसराची मूलभूत विसंगती होय. गिरणगावच्या साहित्याचे पुढे समीक्षेत जे झाले, त्याचेही बीज या विसंगतीत शोधता येते.

२

सोळा बाय दहाच्या खोलीत एक कुटुंब, अनेकदा एकाहून अधिक कुटुंबे, आणि गावाकडून आलेले एकटे पुरुष पाळीपाळीने झोपत, तेव्हा जगण्याचा मोठा भाग खोलीबाहेर घडणे क्रमप्राप्त होते. गॅलरी, नळ, जिना, खानावळ, नाका, व्यायामशाळा, भजनी मंडळ, युनियनचे कार्यालय या जागा म्हणजे खोलीचाच विस्तार होता. ही केवळ समाजशास्त्रीय माहिती नव्हे. ती एका भाषेची जन्मकथा आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या बोली, गिरणीतल्या 'साचे खाते', 'बदली', 'जॉबर' अशा शब्दांसह, या सामायिक जागांत एकमेकींवर घासल्या गेल्या आणि त्यांतून मुंबईची श्रमिक मराठी घडली.

मामा वरेरकर यांनी १९३० च्या दशकातच 'धावता धोटा' या कादंबरीत गिरणी कामगारांचे जग मराठी वाचकांसमोर आणले होते. परंतु ते पाहणे बरेचसे बाहेरून होते. ही भाषा आतून बोलू लागली ती अण्णा भाऊ साठे यांच्या लोकनाट्यांतून आणि पुढे नारायण सुर्वे यांच्या कवितेतून. अण्णा भाऊंच्या 'माझी मुंबई'त मुंबई कोणाची, हा मालकीचा प्रश्नच थेट विषय होतो. सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह १९६२ चा आणि 'माझे विद्यापीठ' १९६६ चा. 'विद्यापीठ' ही प्रतिमा समीक्षेने सामान्यतः अनुभवाची शाळा अशा सर्वसाधारण अर्थाने घेतली. प्रत्यक्षात ती एका निश्चित स्थळव्यवस्थेशी बांधलेली आहे. श्रमिकाला शिकवणारा रस्ता हा कोणताही रस्ता नव्हे. काम, घर आणि संघटना ज्या रस्त्यावर चालत जाण्याच्या अंतरावर असतात, असा तो रस्ता आहे. हे अंतर वाढले की ते विद्यापीठही मोडते.

भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'ची (१९६५) कथा याहून बोलकी आहे. या पुस्तकावर अश्लीलतेचा जो वाद झाला, त्यात भाषेची चिकित्सा झाली, नीतीची झाली. पण नाक्याची झाली नाही. ही तरुण मुले नाक्यावर का उभी आहेत, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी फारसा विचारला नाही. ज्यांच्या घरात एकांताला जागा नाही, त्यांची वासना, विनोद आणि हिंसा सार्वजनिक जागेतच उच्चारली जाणार. नाका हे त्या संहितेचे नेपथ्य नाही, ते तिच्या निवेदनाचे तत्त्व आहे. मध्यमवर्गीय वाचकाला जे असभ्य वाटले, ते अंशतः चौरस फुटांचे व्याकरण होते.

३

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे साठ गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले. वेतनवाढीबरोबरच, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला दिलेल्या प्रातिनिधिक मान्यतेचा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. संप रीतसर मागे घेतला गेला नाही; तो विरून गेला. त्याच्या अपयशाची चर्चा बहुधा नेतृत्व, सरकारचा ताठरपणा आणि यंत्रमागांची स्पर्धा यांच्या अंगाने होते. ती कारणे खरीच आहेत. परंतु त्या दशकात आणखी एक गोष्ट घडत होती: गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा मौल्यवान होत होती.

मुंबईचे व्यापारी केंद्र याच सुमारास सरकू लागले होते. ते कोट विभागातून भराव घातलेल्या नरिमन पॉइंटकडे आले होते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन खाडीपलीकडे नवी मुंबई आखली जात होती. वांद्रे-कुर्ला संकुलाचा विकासही सत्तरच्या दशकातच हाती घेतला गेला. या विस्ताराच्या मधोमध, दोन्ही उपनगरी रेल्वेमार्गांच्या लगत, सुमारे सहाशे एकर गिरणी-जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीच्या पुनर्विकासाला वाट करून दिली. त्याचे सूत्र स्थूलमानाने तिहाईचे होते: एक हिस्सा महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी, एक मालकाकडे. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा सुटा सुटा नव्हे, तर एकत्रित विचार सुचवला. तो बाजूस पडला. २००१ च्या दुरुस्तीने वाटपाचा आधार संपूर्ण जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेली मोकळी जमीन असा केला. सार्वजनिक हिस्सा त्यामुळे एकदम आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला प्रतिकूल निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरवला आणि ही दुरुस्ती कायम झाली.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या नियमाकडे एक संहिता म्हणून पाहण्यास हरकत नसावी. 'जमीन' या नामाला 'मोकळी' हे विशेषण जोडले गेले आणि शहराच्या मध्यभागाचा अर्थ बदलला. ज्या जागेवर शेड उभी आहे ती जागा या नव्या वाक्यरचनेत वाटपातून नाहीशी झाली. शब्दाच्या अर्थाला इतके रोकडे मूल्य असल्याची उदाहरणे थोडी असतील.

परिणाम दृश्य आहेत. लोअर परळला मॉल, कार्यालये आणि गगनचुंबी निवासी मनोरे उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून सुमारे ३१ लाखांपर्यंत उतरलेली दिसते, तर उपनगर जिल्हा ९३ लाखांपलीकडे गेला. मध्यभागी बांधकाम वाढले आणि माणसे कमी झाली. माजी गिरणी कामगारांसाठी २०१२ मध्ये ६९२५ घरांची सोडत निघाली, तेव्हा अर्जदारांची संख्या लाखाच्या पुढे होती. २०१६ मध्ये निघालेल्या सोडतीतली घरे पनवेलजवळ कोन येथे होती. कामापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे घर, हे सूत्र तेथे संपले.

४

या स्थित्यंतराचा मराठीतला सर्वांत समर्थ भाष्यकार म्हणून जयंत पवार यांच्याकडे वळावे लागते. 'अधांतर' (१९९७) हे नाटक संपानंतरच्या एका गिरणी कामगाराच्या कुटुंबात घडते. त्या कुटुंबातला एक मुलगा लेखक होऊ पाहतो आणि दुसरा गुन्हेगारीकडे ओढला जातो, ही जोडणी अर्थपूर्ण आहे. भाषा आणि शस्त्र हे दोनच मार्ग उरावेत, आणि दोन्ही अपुरे ठरावेत, अशी ती कोंडी आहे. शीर्षकातला 'अधांतर' हा शब्द मनःस्थितीचा वाचक म्हणून घेतला की नाटक 'महानगरीय जाणिवे'च्या चौकटीत अलगद बसते. परंतु त्याचा शब्दशः अर्थ आहे, खाली जमीन नसणे. १९९१ च्या नियमानंतर सहा वर्षांनी आलेल्या या शब्दातली जमीन केवळ रूपकात्मक मानणे, हा वाचनाचा संकोच ठरेल. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' (२०१०) या कथासंग्रहाच्या शीर्षकातही पुराणकथेतला पक्षी आणि लोअर परळची गिरणी एकाच वेळी ऐकू येतात. राखेतून उठतो तो फिनिक्स नव्हे, मोर. म्हणजे जे मेले ते पुन्हा जन्मलेले नाही, त्याच्या जागी दुसरेच काही पिसारा फुलवून उभे आहे.

येथे एका धोक्याचा विचार करणे आवश्यक आहे. स्थळ नाहीसे झाल्यावर त्या स्थळाचे साहित्य स्मरणरंजनाच्या स्वाधीन होते. चाळ 'मायेची' होते, गिरणीचा भोंगा 'काव्यमय' होतो. चाळीविषयीची ही हळहळ बहुधा तेथे न राहिलेल्यांची असते. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाला २०२१ मध्ये आरंभ झाला, तेव्हा १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फुटांचे घर हवे असण्यात तेथील रहिवाशांची कोणतीही सांस्कृतिक प्रतारणा नव्हती. सुर्वे, पाध्ये किंवा पवार यांनीही दाटीचा गौरव केलेला नाही. त्यांच्या साहित्यातला प्रश्न चाळ टिकावी की जावी, हा नाही; ती ज्या जमिनीवर उभी होती, त्या जमिनीच्या भवितव्यावर तेथे राबणाऱ्यांचा अधिकार होता की नाही, हा आहे. स्मरणरंजन हा प्रश्नच पुसून टाकते. 'महानगरीय जाणीव' ही संज्ञा तो मनाच्या कोपऱ्यात ढकलते. परिणाम दोहोंचा एकच.

'कामगार साहित्य' हा वेगळा कप्पा हेही अशा वाचनाचेच दुसरे रूप होय. शहराच्या मधोमध निर्माण झालेले साहित्य वाङ्मयेतिहासात एखाद्या प्रवाहाच्या उपशीर्षकाखाली ठेवले जाते, आणि शहराच्या एका टोकाकडून लिहिलेली परात्मतेची कविता मात्र 'महानगराची' प्रातिनिधिक कविता ठरते. भूमीच्या बाबतीत नियमाने जे केले, ते साहित्याच्या बाबतीत वर्गीकरणाने केले, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही. फरक इतकाच, की नियमाच्या दुरुस्तीविरुद्ध निदान न्यायालयात दाद मागितली गेली.

वाङ्मयेतिहासाच्या वर्गीकरणात दुरुस्ती करणे तुलनेने सोपे आहे. त्यासाठी गिरणगावच्या साहित्याला सहानुभूतीचा वेगळा विभाग नको. 'वासूनाका', 'माझे विद्यापीठ' आणि 'अधांतर' यांना मुंबईच्या साहित्याच्या विवेचनात मधली जागा हवी, आणि त्यांच्या वाचनात खोलीचे क्षेत्रफळ, कामाचे अंतर आणि जमिनीचा नियम यांना संहितेच्या अर्थाचे घटक म्हणून स्थान हवे. असे वाचन झाले तर 'महानगरीय जाणीव' ही संज्ञा टाकून द्यावी लागणार नाही. ती जाणीव कोणत्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाची आहे, हे मात्र प्रत्येक वेळी सांगावे लागेल.