जोडीदारासाठी ग्रीन कार्ड : हमी उत्पन्नाची, पुरावा अधिवासाचा

'डोमिसाइल' हा शब्द महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांना नवा नाही. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेशाच्या हंगामात तहसील कार्यालये आणि सेतू केंद्रांबाहेर ज्या रांगा लागतात, त्यांतील अनेक जण याच नावाच्या दाखल्यासाठी ताटकळत असतात. शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, वीजबिल अशी कागदपत्रे जोडली की शिक्क्यानिशी प्रमाणपत्र हाती पडते. अमेरिकेत जन्मलेली मराठी मुलगी लग्नानंतर पुण्यात संसार थाटते, काही वर्षांनी नवऱ्याला आणि मुलाला घेऊन अमेरिकेत परतायचे ठरवते, आणि मग एके दिवशी तिच्याकडे 'डोमिसाइलचा पुरावा सादर करा' अशी मागणी येते. घरातील वडीलधारी मंडळी साहजिकच विचारतात, हा दाखला तिकडे कोणत्या कचेरीत मिळतो? तो कोणत्याच कचेरीत मिळत नाही, हीच यातील खरी अडचण.

अमेरिकी नागरिकाने पती किंवा पत्नीसाठी प्रथम आय-१३० हा अर्ज भरायचा असतो. नाते खरे आहे, विवाह कायदेशीर आहे, एवढेच त्यातून ठरते. तो मंजूर झाला की अनेक कुटुंबे पेढे वाटून मोकळी होतात. प्रत्यक्षात प्रकरण तेथून न्यू हॅम्पशायरमधील पोर्टस्मथ येथील नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि कागदपत्रे पुरी झाल्यावर मुलाखतीसाठी मुंबईच्या वकिलातीकडे येते. (ही वकिलात २०११ पर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये होती, तेव्हापासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.) याच टप्प्यावर आय-८६४ हा नमुना पुढे येतो. त्याचे रूढ नाव 'अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट'.

नावात 'अ‍ॅफिडेव्हिट' असले, तरी आपल्याकडच्या प्रतिज्ञापत्राशी त्याची तुलना करू नये. त्याला मुद्रांक लागत नाही, नोटरीही लागत नाही. सही मात्र खोटे लिहिल्यास शिक्षेस पात्र होण्याच्या जाणिवेने करायची असते. १९९६ च्या कायद्यानंतर, १९ डिसेंबर १९९७ पासून, हा दस्तऐवज न्यायालयात बजावता येण्याजोगा करार झाला. त्यापूर्वीच्या हमीला कायद्याचे असे बळ नव्हते. करारातून सुटका फार थोड्या प्रसंगी होते : आलेली व्यक्ती अमेरिकी नागरिक झाली, तिच्या खात्यावर सोशल सिक्युरिटीच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम जमा झाले, ती ग्रीन कार्ड सोडून कायमची निघून गेली किंवा मृत्यू झाला. घटस्फोटाने जबाबदारी संपत नाही. स्पॉन्सरने पत्ता बदलल्यास ३० दिवसांत कळवायचे असते, न कळवल्यास दंड होऊ शकतो.

या हमीपत्रात दोन प्रश्न एकत्र बांधलेले आहेत. जोडीदाराला पोसण्याइतके उत्पन्न आहे काय, हा पहिला. आणि हमी देणारा स्वतः अमेरिकेत राहतो काय, हा दुसरा. भारतात राहणारी दांपत्ये आपली सारी शक्ती पहिल्या प्रश्नावर खर्च करतात. वस्तुतः पैशांची उणीव दुसरा माणूस भरून काढू शकतो. अधिवासाची उणीव कोणीही भरून काढू शकत नाही.

कोणते उत्पन्न धरतात?

उत्पन्नाची पायरी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के आहे. (लष्करात सक्रिय सेवेत असणाऱ्याला पती, पत्नी वा मुलासाठी १०० टक्के पुरते.) २०२५ च्या सूत्रानुसार दोघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर आणि तिघांसाठी ३३,३१२ डॉलर होती. अलास्का व हवाई येथे ती अधिक असते. आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीचा तक्ता पाहूनच गणित करावे. कुटुंबात स्पॉन्सर, येणारा जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले मोजली जातात. मूल जन्माने अमेरिकी नागरिक असले तरी ते वगळता येत नाही.

हिंजवडीत उत्तम पगार घेणाऱ्या मुलीला ३३ हजार डॉलरचा आकडा किरकोळ वाटेल. परंतु नियम असा, की परदेशातील उत्पन्न तेव्हाच धरले जाते जेव्हा ते अमेरिकेत गेल्यावरही त्याच स्रोतातून चालू राहणार असते. येथील नोकरीचा राजीनामा देऊन तिकडे जाणाऱ्याचा येथील पगार या हिशेबात शून्य. कंपनी तिकडच्या कार्यालयात बदली देणार असेल, किंवा तेच काम तेथून करू देणार असेल, तर तसे पद, पगार व तारीख नमूद केलेले पत्र हवे. व्हिसा मागणाऱ्या नवऱ्याच्या पगारालाही हाच न्याय. तो कितीही मोठा असो, भारतातील नोकरी सुटणार असेल तर त्याचा उपयोग नाही.

दुसरी खाच प्राप्तिकराची आहे. अमेरिकी नागरिक जगात कोठेही राहिला, तरी ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक उत्पन्न असल्यास त्याला अमेरिकेत विवरणपत्र भरावे लागते. पुण्यात वाढलेल्या, पासपोर्टापुरत्या अमेरिकी असलेल्या अनेकांना ही गोष्ट हमीपत्र भरताना प्रथम समजते. अशांनी मागील विवरणपत्रे उशिरा का होईना भरून टाकावीत, आणि मगच आय-८६४ हातात घ्यावा. अगदी अलीकडच्या वर्षाचे विवरणपत्र त्यासोबत जोडावेच लागते. भरणे बंधनकारक नव्हते, असे असेल तर त्याचे लेखी कारण द्यावे. ज्यांनी नियमित भरले, त्यांच्यापुढे वेगळाच पेच असतो. परदेशातील कमाईवर मिळणारी सूट (२०२५ सालासाठी १,३०,००० डॉलरपर्यंत) घेतली, की विवरणपत्रातील एकूण उत्पन्नाच्या रकान्यात शून्य किंवा त्याच्या जवळपासचा आकडा दिसतो. कर वाचवणारा कागद व्हिसाच्या फायलीत गरिबीचा दाखला ठरतो.

उत्पन्न अपुरे असल्यास मालमत्ता दाखवता येते. अमेरिकी नागरिकाच्या पती-पत्नीसाठी तुटीच्या तिप्पट निव्वळ मालमत्ता लागते. इतर बहुतेक नात्यांत ती पाचपट. तिघांच्या कुटुंबाचे धरण्याजोगे उत्पन्न शून्य असेल, तर ९९,९३६ डॉलर, म्हणजे डॉलरला ८५ रुपये धरल्यास सुमारे ८५ लाख रुपये. पुण्या-मुंबईत स्वतःची सदनिका असलेल्या जोडप्याला हे अशक्य नाही, आणि विशेष म्हणजे येणाऱ्या जोडीदाराच्या नावावरची मालमत्ताही येथे चालते. अट एवढीच, की ती बारा महिन्यांत रोख करता आली पाहिजे व पैसा देशाबाहेर नेता आला पाहिजे. सदनिकेसाठी नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स टू, मूल्यांकनकर्त्याचा अहवाल आणि कर्जाची शिल्लक दाखवणारे बँकेचे पत्र जोडावे. कर्ज वजा जाता उरेल तेवढीच किंमत धरली जाते.

'सगळी मिळून इस्टेट' दाखवण्याचा मोह मात्र टाळावा. वाटणी न झालेल्या वडिलोपार्जित वाड्यातील हिस्सा वर्षभरात विकला जाईल, हे परक्या अधिकाऱ्याला पटवणे कठीण. ते घरच्यांनाही पटत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकता येते, त्यामुळे सातबाऱ्यावरचा आकडा मोठा दिसला तरी ग्राहक मोजके. मुदत न संपलेला पीपीएफ हाही याच रांगेत. उलट मुदतठेवी, म्युच्युअल फंड आणि शेअर यांचा पुरावा सुटसुटीत असतो. पैसा बाहेर नेण्याबाबत रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, तर अनिवासी भारतीयाला एनआरओ खात्यातून दहा लाख डॉलरपर्यंत. ही मर्यादा नमूद करणारे सनदी लेखापालाचे पत्र फायलीत असले, तर एक प्रश्न आधीच मिटतो.

अधिवास म्हणजे काय?

अमेरिकी नियमांत अधिवासाची व्याख्या दोन भागांची आहे. जेथे मुख्य निवास आहे आणि तो नजीकच्या भविष्यकाळात तेथेच ठेवण्याचा इरादा आहे, ते अधिवासाचे ठिकाण. निवास डोळ्यांना दिसतो, इरादा दिसत नाही. म्हणून इराद्याची चिन्हे गोळा करावी लागतात. या अटीमागचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे. ज्या करारावर अमेरिकेत दावा चालायचा, त्याचा हमीदार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहून कसे चालेल?

परदेशात राहूनही अधिवास शाबूत धरला जातो, असे काही वर्ग आहेत. अमेरिकी सरकार, मान्यताप्राप्त अमेरिकी संशोधन संस्था, परदेश व्यापारात असलेली अमेरिकी कंपनी वा तिची उपकंपनी, अमेरिका करारान्वये सदस्य असलेली आंतरराष्ट्रीय संस्था यांनी परदेशी नेमलेले नागरिक त्यात येतात. शिक्षण किंवा मुदतीच्या कामासाठी तात्पुरते बाहेर असलेल्यांना तिकडचे धागे तुटलेले नाहीत हे दाखवता येते : चालू बँक खाते, नियमित करभरणा, घर, टपालाचा कायम पत्ता, मतदान. यांपैकी एकट्या कागदाने काम भागत नाही. दहा वर्षे पुण्यात राहिलेल्याने केवळ न्यू जर्सीतील मामांचा पत्ता आणि जुने बँक खाते पुढे केले, तर ते पुरेसे ठरण्याची आशा धरू नये.

मग अशांनी काय करावे? येथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. 'आधी एकटीने जा, नोकरी धर, घर घे, मग नवऱ्याचा व्हिसा होईल,' असा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यापायी तान्ह्या मुलांची आई किंवा बाप महिनोन्महिने दूर राहतो. नियम इतके मागत नाही. जोडीदार अमेरिकेत प्रवेश करील त्या दिवसापर्यंत अधिवास पुन्हा स्थापन करण्याचा प्रामाणिक इरादा दाखवला, तर पुरते. स्पॉन्सरने जोडीदाराच्या आधी किंवा त्याच्यासोबत पोहोचले पाहिजे; मागाहून नव्हे. पुढे जाणे हा इराद्याचा भक्कम पुरावा खरा, परंतु तो एकमेव नव्हे.

तथापि इरादा नुसत्या पत्राने सिद्ध होत नाही. 'आम्ही लवकरच परत जाणार आहोत' असे नवस बोलल्यासारखे वाक्य निरुपयोगी. केलेल्या कृती दाखवाव्या लागतात. तिकडील नोकरीचे पत्र किंवा मुलाखतींचा पत्रव्यवहार, घराचा भाडेकरार, मुलाच्या शाळाप्रवेशाची नोंद, तिकडे वळवलेली रक्कम, येथील नोकरीचा राजीनामा, घर रिकामे करण्याची सूचना, सामान पाठवणाऱ्या कंपनीचे दरपत्रक. आईवडिलांच्या घरी उतरायचे असेल, तर त्यांचे पत्र आणि त्या घराच्या मालकीचा किंवा वीजबिलाचा कागद जोडावा. दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत : तिकडे पाय रोवले जात आहेत आणि इकडचे पाश सुटत आहेत. विमानाचे तिकीट मात्र व्हिसा हाती येईपर्यंत काढू नये.

ग्रीन कार्डधारक स्पॉन्सरची गोष्ट अधिक नाजूक आहे. दीर्घकाळ भारतात राहिल्यास जोडीदाराचा अधिवासाचा प्रश्न दूरच, स्वतःचे कार्डच धोक्यात येते. विशिष्ट नोकऱ्यांसाठी निवास जपण्याची परवानगी आधी मिळवलेले थोडे लोक सोडले, तर त्याने अमेरिकेत राहूनच अर्ज करणे शहाणपणाचे.

मामांची सही

पैशांची बाजू लंगडी असेल, तर सहप्रायोजक घेता येतो. तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, किमान १८ वर्षांचा आणि अमेरिकेत अधिवास असलेला हवा. नातेवाईकच हवा असे नाही. त्याचे उत्पन्न त्याच्या स्वतःच्या कुटुंबासह येणाऱ्या व्यक्तीला पुरले पाहिजे. चौघांचे कुटुंब असलेल्या मामांनी भाचीच्या नवऱ्यासाठी सही केली, तर पाच जणांची पायरी लागू होईल. २०२५ मध्ये ती ४७,०६२ डॉलर होती. मामांच्या सहीने भाचीचा आय-८६४ मात्र टळत नाही. तो तिला भरावाच लागतो, आणि त्यात अधिवास सिद्ध झाला नाही तर मामा कोट्यधीश असूनही फाइल अडते.

मामांनाही पूर्ण कल्पना द्यावी. मराठी घरांत शब्दाखातर सही करण्याची रीत आहे. येथे त्या सहीचे आयुष्य दहा वर्षांचे किंवा त्याहून अधिक असू शकते. उद्या भाचीचा संसार मोडला तरी तिच्या माजी नवऱ्याला मामांविरुद्ध न्यायालयात जाता येते. हे दिवाळीच्या फोनवर ओझरते सांगून संमती घेण्याचे प्रकरण नव्हे. सहप्रायोजक मिळत नाही म्हणून एखाद्या परिचिताच्या दुकानातून खोटे नोकरीपत्र आणणे तर साफ आत्मघातकी. जाणूनबुजून दिलेली चुकीची माहिती जोडीदाराला अमेरिकेची दारे कायमची बंद करू शकते.

इतर देशांत या दोन अटींचे प्रमाण निराळे आहे. ब्रिटनने किमान उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ रोजी १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेली. कॅनडात पती-पत्नीसाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नाही. तेथे परदेशातील नागरिकाने जोडीदारासोबत कॅनडात परतण्याची खात्री पटवायची असते, आणि कायम रहिवाशाला तर देशाबाहेर राहून अर्जच करता येत नाही.

मुंबईतील मुलाखतीत कागद अपुरे आढळले, तर अधिकारी कलम २२१(जी) खाली प्रकरण थांबवतो आणि हवे असलेले कागद नमूद केलेले पत्र देतो. ते पत्र म्हणजे अखेरचा नकार नव्हे. मागितलेले पुरावे एक वर्षाच्या आत द्यावे लागतात. ती मुदत टळली, तर शुल्कासह नवा अर्ज भरावा लागू शकतो.