सव्वा महिना ते 48 तास : बाळंतिणीच्या दिवसांचा इतिहास



रुग्णालयांचा इतिहास सांगायचा म्हटला की इमारत कधी उभी राहिली, देणगी कुणी दिली, कोनशिला कुणी बसवली, इथपासून सुरुवात होते. ते आज आपल्याला थोडं लागणारच आहे. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. मूल जन्माला आलं, नाळ कापली, डॉक्टर हात धुऊन बाहेर पडले. त्यानंतर त्या बाईचं काय? ती किती दिवस पडून राहणार, कुठे राहणार, तिला कोण बघणार, आणि त्या दिवसांचा खर्च कुणाच्या माथी?

आपल्या भाषेत याची खूण आहे. 'आईनं लेकीचं बाळंतपण केलं' असं आपण म्हणतो, तेव्हा आईनं सुईणीचं काम केलं असा अर्थ नसतो. सव्वा महिना तिची उस्तवार केली, असा असतो. प्रसूती तासांत आटोपते, बाळंतपण दिवसांत मोजायचं असतं. रुग्णालयाच्या इतिहासात हे दोन शब्द एकमेकांत मिसळून गेले, आणि त्यात बाळंतिणीचे दिवस कुठे गेले, ते आज शोधायचं आहे.

आधी घरातली खोली डोळ्यांसमोर आणू. घरातली सर्वांत अंधारी जागा, खिडकी बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली शेगडी, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. दहा दिवस सोयर, म्हणजे तिला कुणी शिवायचं नाही. नाळ कापायला घरातला विळा किंवा सुईणीजवळचं जे काही असेल ते. पाचवीच्या रात्री सटवाई नशीब लिहायला येते म्हणून जागायचं. बारा दिवसांच्या आत दगावलेल्या बाळांची संख्या पाहिली, की त्या जागरणाचा अर्थ कळतो. त्यांतली कितीतरी बाळं धनुर्वातानं जायची.

आनंदीबाई जोशींचं बाळ असंच दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे फिलाडेल्फियात त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय हिंदू स्त्रियांमधलं प्रसूतिशास्त्र हा होता. हा योगायोग आहे असं आम्हाला वाटत नाही. 1886 साली पदवी मिळाली, 1887 च्या फेब्रुवारीत त्या पुण्यात वारल्या. त्यांच्या हातून एकाही रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड चालवला गेला नाही.

पण त्या अंधाऱ्या खोलीची दुसरीही बाजू आहे, आणि सुधारकांच्या लिखाणात ती फारशी येत नाही. शिवायचं नाही म्हणजे तिनं स्वयंपाक करायचा नाही, पाणी भरायचं नाही, दळायचं नाही. विटाळाच्या नावाखाली का होईना, तिला रजा मिळत होती. वर तेलमालिश, शेक, अळीव, डिंकाचे लाडू, बाळंतकाढा. सुश्रुतसंहितेत सूतिकेचा काळ दीड महिन्याचा सांगितलाय, पारशी समाजात चाळीस दिवस पाळत, आपल्याकडे सव्वा महिना. आजचं वैद्यकशास्त्र 42 दिवस मोजतं. आकडे किती जवळ आहेत पाहा! अर्थात ही रजा ज्यांच्या घरात दुसरे हात होते त्यांची. शेतमजूर बाई चौथ्या-पाचव्या दिवशी कामावर हजर असायची, तिला विटाळ परवडत नव्हता.

आता रुग्णालयाकडे. रुग्णालय म्हणजे सुरक्षित, हे आज आपण गृहीत धरतो. त्या काळच्या बाईला रुग्णालयाची भीती वाटायची, आणि ती काही अडाणीपणाची नव्हती. त्यासाठी घटकाभर व्हिएन्नाला जावं लागेल. तिथल्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी शिकत. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वरानं मरणाऱ्या बाया शंभरात सुमारे दहा, सुईणींच्या विभागात चाराहून कमी. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होतं, पहिल्या विभागात जायला नको म्हणून त्या गयावया करत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरनं 1847 मध्ये ताडलं, की विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासतात. क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायचा नियम त्यानं केला. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण 18 टक्के होतं, जूनमध्ये दोनच्या आसपास आलं. तरी वरिष्ठांना ते पटायला अनेक वर्षं लागली. आपल्याच हातांमुळे मरतात हे कोण कबूल करणार?

मुंबईत बाळंतिणींसाठी इमारती उभ्या राहिल्या त्या हे ज्ञान रुळल्यावर. ही उशिरा येण्याची सोय म्हणायची! अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी चालवलेला निधी, पेस्तनजी होरमसजी कामा यांची देणगी, आणि 1886 मध्ये स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेलं कामा रुग्णालय सुरू झालं. त्याची धुरा एडिथ पीची या इंग्लंडहून आलेल्या डॉक्टरबाईंकडे. शेजारीच प्रसूतीसाठी आल्ब्लेस. इंग्लंडहून डॉक्टर होऊन आलेल्या रखमाबाईंनीही कामामध्ये काही काळ काम केलं आणि मग त्या सुरतेला गेल्या.

आम्हाला जास्त शिकवून जातं ते फोर्टमधलं पारशी प्रसूतिगृह. पारशी घरांत बाळंतिणीला तळमजल्यावर वेगळं ठेवत. मुंबईचा तळमजला म्हणजे ओल, गटाराची दुर्गंधी, पावसाळ्यात तर विचारू नका. खात्यापित्या घरच्या बाया तिथे बाळंतज्वरानं मरत होत्या. डॉ. तेमुलजी नरिमन यांनी हा ज्वर आणि ती जागा यांचा संबंध लोकांपुढे मांडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजासाठी प्रसूतिगृह उभं केलं. विरोध झाला, पण ते टिकलं. आमचा तर्क असा, की रूढीनंच त्याला मदत केली. बाळंतिणीला घरच्यांपासून वेगळं ठेवायचंच होतं, तर मग तळमजल्यावर कशाला, हवेशीर वॉर्डात का नको? तिचे दिवस मोडायची गरज नव्हती, फक्त जागा बदलायची होती.

हे सगळं पैसेवाल्यांचं झालं. गिरणगावात काय होतं? 1921 मध्ये मुंबईत हजार नोंदलेल्या जन्मांमागे 600 हून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. आकडा ऐकून अंगावर काटा येतो, पण तो जरा सांभाळून घ्यायला हवा. कोकणातली, घाटावरची बाई बाळंतपणाला माहेरी जायची. जन्म रत्नागिरीच्या दप्तरात, आणि पोर घेऊन परत आली की मरण मुंबईच्या. तरीही एका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहत होती त्या चाळींत मूल जगणं अवघडच होतं. आई खात्यावर गेली की पोर रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी चाटवत. गिरण्यांमधल्या बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनीही 1920 च्या दशकात ही अफू नोंदवली आहे. इथे रुग्णालय असून भागत नव्हतं. 1926 मध्ये परळला नवरोजी वाडिया प्रसूतिगृह निघालं, गिरणीकामगारांच्या वस्तीला लागूनच. चांगली खाट मिळाली, स्वच्छ हात मिळाले. पण खाटेवर पडून राहिलेल्या प्रत्येक दिवसाची मजुरी बुडत होती, ती कोण भरणार?

1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा नेमका हाच वाद झाला. गिरणीमालकांच्या बाजूचे म्हणत, हा भार आमच्यावर का? डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा कौन्सिलचे सभासद होते. त्यांनी मांडलं ते असं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार खरं तर सरकारनं उचलायला हवा. पण सरकार उचलत नाही तोवर त्या बाईच्या श्रमातून नफा घेणारा मालक मोकळा सुटत नाही. आमच्या मते बाळंतिणीच्या दिवसांबद्दल या राज्यात बोललं गेलेलं हे सर्वांत नेमकं बोलणं आहे. दया नाही, पुण्य नाही, नुसता हिशेब.

1929 चा कायदा झाला, आठ आणे रोज, काही आठवड्यांपुरता. पण मालकांनीही हिशेब केलाच. त्या दशकात गिरण्यांत पाचातली एक कामगार बाई होती, पुढे ते प्रमाण घसरतच गेलं. रात्रपाळीवरची बंदी, नवी यंत्रं अशी कारणं होतीच, पण लाभ द्यावा लागेल म्हणून बाईच नको, हेही त्यात होतं. 1961 चा केंद्रीय कायदा 12 आठवड्यांचा, 2017 ची दुरुस्ती 26 आठवड्यांची. हे सगळं नोकरीच्या कागदावर नाव असलेल्या बाईसाठी. घरकाम करणारी, ऊस तोडणारी बाई त्या कागदावर नाही.

इकडे रुग्णालयातही दिवस आटत गेले. आपल्या आज्या सांगतात, 'आम्ही दहा दिवस दवाखान्यात होतो.' खरंय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे बाळंतिणीला खाटेवरून उतरूही देत नसत. मग 1930 च्या दशकात सल्फाची औषधं आणि पाठोपाठ पेनिसिलिन आलं. ज्वराचा धाक गेला. पडून राहिल्यानं पायात रक्ताच्या गाठी होतात, हेही लक्षात आलं, म्हणून लवकर उठवू लागले. हा बदल योग्यच होता. पण लवकर उठवणं आणि लवकर घरी पाठवणं यात फरक आहे, आणि खाटा कमी, बाया जास्त अशा आपल्या सरकारी वॉर्डांत तो पुसला गेला. एका खाटेवर दोन बाळंतिणी पाहिलेले लोक इथे बसले असतील.

मधल्या काळात रुग्णालयांनी आणखी एक चूक केली. स्वच्छतेच्या नावाखाली बाळाला आईपासून काढून वेगळ्या खोलीत ठेवलं, दूधही घड्याळ पाहून पाजायचं. हे चुकीचं होतं हे कळायला बराच काळ गेला. बाळ आईजवळच ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 1991 मध्ये आपल्या मोहिमेत ठामपणे सांगितलं. मुंबईनं त्याआधीच एक वाट काढली होती. शीवच्या महापालिका रुग्णालयात 1989 मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातेच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्या बाळंतिणीला दूध जास्त आहे तिचं दूध दुसरीच्या अशक्त बाळाला. आपल्या वाड्यांत हे एकमेकींत होतच असे, फक्त इथे दूध तपासून, निर्जंतुक करून.

त्याच वर्षी गडचिरोलीतून दुसरी गोष्ट जगापुढे आली. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एखादा तरी त्रास होता, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या शंभरात आठच. म्हणजे मूल झाल्यावर तिच्या शरीराकडे पुन्हा कुणी पाहिलंच नव्हतं. पुढे बंग दांपत्यानं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. 1999 साली छापून आलेल्या निष्कर्षांनुसार नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. रुग्णालय न बांधता.

2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, रुग्णालयात प्रसूती व्हावी म्हणून पैसे. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषध, तपासण्या, घरी सोडायला गाडी मोफत, आणि जेवणही : साधी प्रसूती असेल तर तीन दिवस, सिझेरियन असेल तर सात दिवस. प्रसूतीनंतर निदान 48 तास थांबावं, असं त्यात आहे. जास्तीत जास्त माता रक्तस्रावानं जातात त्या पहिल्या चोवीस तासांत, त्यामुळे हे 48 तास जपायलाच हवेत. तरी कितीदा बाईच पळून जाते. घरी दुसरं मूल आहे, नवऱ्याचा रोज बुडतोय, वॉर्डातल्या संडासाचं दार लागत नाही. तिला बेजबाबदार म्हणणाऱ्यांनी तो संडास एकदा पाहून यावा.

सव्वा महिन्यातले उरलेले दिवस? त्यासाठी 2011 मध्येच गडचिरोलीच्या धर्तीवर घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रुग्णालयातून आलेल्या बाळंतिणीकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचं वजन करते, ताप पाहते, आईला विचारते. म्हणजे सरकारी तक्त्यात बेचाळीस दिवस पुन्हा आले. या साऱ्या भेटी पूर्ण केल्या की आशाताईच्या हातावर पडणारी रक्कम त्या कार्यक्रमानं ठरवली ती 250 रुपये.

आता तुमचे प्रश्न घेऊ.