जाहिरातीची साक्ष

दिवाळीपूर्वी घर झाडायला काढले की पहिली गदा येते ती माळ्यावरच्या कागदांवर. नाटकांची हँडबिले, सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका, प्रदर्शनांतून आणलेली माहितीपत्रके मुकाट्याने रद्दीत जातात. पुस्तक टाकताना हात थोडा थबकतो. जाहिरात टाकताना थबकत नाही. हा भेद इतिहासाला महाग पडतो.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा आपल्याकडचा पहिला बोलपट झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. तो कसा होता, हे कळते ते छायाचित्रे, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती आणि प्रसिद्धीपुस्तिका यांवरून. मूळ कृती गेली. तिचा डांगोरा पिटणारा कागद तेवढा उरला. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तेथे रिळांबरोबर भित्तिपत्रके आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जतन झाल्या, म्हणून अभ्यासकांना हा आधार मिळाला.

पुस्तकांचे तसे नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी काही ग्रंथालयांना द्यावी लागते. व्हिडिओ गेमला आणि त्याच्या जाहिरातीला हे कवच नाही. गेली काही वर्षे मी या खेळांच्या व्यापारी प्रदर्शनांची प्रसिद्धीसामग्री जमवतो आहे, ती याच कारणाने.

या प्रदर्शनांत सर्वांत गाजलेले ‘ई-थ्री’. ते मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिस येथे प्रथम भरले. सेगा कंपनीने आपल्या ‘सॅटर्न’ यंत्राची किंमत ३९९ डॉलर जाहीर केली. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. ‘प्लेस्टेशन’च्या यशाची कथा आजही या क्षणापासून सांगितली जाते. असा क्षण कंपनीच्या ताळेबंदात सापडत नाही. कोणी तो टिपून ठेवला तरच उरतो.

चित्रफितीचे मोल याहून वेगळे. २००५ च्या ‘ई-थ्री’मध्ये ‘किलझोन’ या खेळाच्या पुढच्या भागाची थक्क करणारी झलक दाखवली गेली. ती प्रत्यक्ष खेळातली नव्हती, आधीच तयार केलेले सचेतपट होते. खेळ बाजारात आला २००९ मध्ये. कंपनीने काय कबूल केले आणि पदरात काय टाकले, याचा ताळा आज करता येतो तो केवळ ती झलक जपली गेली म्हणून. जाहिरात खरे बोलतेच असे नाही. पण त्या काळी लोकांना काय हवे होते आणि त्यांना काय दाखवून भुलवता येत होते, याची ती पक्की साक्ष असते.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘ई-थ्री’ कायमचे बंद झाल्याचे जाहीर झाले. अमेरिकेत २०१७ पासून काम करणाऱ्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने जानेवारी २०२५ मध्ये आपले डिजिटल ग्रंथालय अभ्यासकांना खुले केले. त्यात जुन्या मासिकांबरोबर प्रसिद्धीसाहित्यही आहे.

आपल्याकडे काय? पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी’ या खेळासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम काढली. ती फसली, तरी खेळ २०२० मध्ये आला आणि जगभर वाखाणला गेला. त्या मोहिमेत काय दाखवले होते, हे उद्याच्या इतिहासकाराला तयार खेळाइतकेच महत्त्वाचे वाटेल. मे २०२५ मध्ये मुंबईत ‘वेव्हज’ परिषद भरली. तिथेही व्हिडिओ गेमना जागा होती. अशा ठिकाणी हातोहात वाटले जाणारे कागद कोणाच्या कपाटात उरणार आहेत?

रत्नागिरीत राहून हे काम करायचे म्हणजे पावसाशी गाठ. चार महिने हवा ओलीच असते. ध्वनिचित्रफितीवर बुरशी चढते, चुंबकीय थराची पकड सुटते. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगथर फिका पडतो आणि माहिती वाचता येत नाही. फीत धडधाकट असली तरी ती चालवायचे यंत्र हवे. व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन २०१६ मध्येच थांबले. म्हणून मी फिती आणि सीड्या आधी उतरवून घेतो. कागद असेल तर दोन्ही बाजू टिपतो, कारण मागच्या कोऱ्या बाजूवर कोणीतरी किंमत वा तारीख लिहिलेली असते. कोणते प्रदर्शन, कोणते वर्ष, वस्तू कोणाकडून आली, याची नोंद सोबत ठेवतो. नोंदीवाचून जपलेली वस्तू मुकीच राहते. मूळ वस्तू इथे, आणि एक प्रत घाटावर, कोरड्या हवेत.

घरोघरच्या माळ्यांवर संगणक मासिकांबरोबर आलेल्या सीड्या आणि प्रदर्शनांतल्या पिशव्या अजून असतील. यंदा त्या खाली काढल्या, तर कचरागाडी येण्यापूर्वी निदान वर्ष आणि ठिकाण लिहून ठेवावे. इतिहासाला सुरुवात करायला तेवढे पुरते.