छत्तीसचा आकडा

काही वाक्प्रचार असे असतात की ते कुठे उच्चारावेत आणि कुठे गिळावेत याचे तारतम्य बाळगावे लागते. पुण्यात किंवा साताऱ्यात बसून 'त्या दोघांचा छत्तीसचा आकडा आहे' असे खुशाल म्हणावे. कोणाच्या भुवया वर चढत नाहीत. अर्थही सरळच आहे. देवनागरीतला तीन एका दिशेला तोंड करून बसतो, सहा दुसऱ्या दिशेला. पाठीला पाठ लागलेली. परंतु माझे सारे आयुष्य रायपुरात गेले. ज्या मुलखाच्या नावातच छत्तीस आहे, तेथे बसून छत्तीसला दूषण देणे म्हणजे यजमानाच्या ओसरीवर बसून त्याच्याच आडनावाची टिंगल करण्यासारखे आहे. हा प्रमाद माझ्या हातून एकदा घडला. हिंदीतही हा वाक्प्रचार जसाच्या तसा असल्यामुळे शेजाऱ्याला तो समजावून सांगावा लागला नाही. तो शांतपणे एवढेच म्हणाला की, पाठ कोणी कोणाकडे केली, हे तुम्ही जरा इतिहासात पाहा.

मी पाहिले. प्रथम हे छत्तीस गड कोणते? गड म्हटला की मराठी डोळ्यांपुढे तटबंदी, बुरूज आणि चोरदिंडी उभी राहते. येथील गड हा सामान्यतः महसुलाचा एक विभाग. चौऱ्यांशी गावांचा एक गड, असा जुना हिशेब. शिवनाथ नदीच्या उत्तरेला अठरा गड रतनपूरच्या हैहयवंशी राजांचे, दक्षिणेला अठरा त्याच घराण्याच्या रायपूर शाखेचे. म्हणजे छत्तीस ही बेरीज मुळात भाऊबंदकीची! आमचा वाक्प्रचार अगदीच निराधार नव्हता तर. रायबहादूर हिरालाल यांच्यासारख्या पंडितांनी 'चेदीशगढ' या नावाचा हा अपभ्रंश असावा, असेही म्हटले आहे. पण लोकांना व्युत्पत्तीपेक्षा मोजदाद आवडते. आता गंमत पाहा. २००० साली १ नोव्हेंबरला हे राज्य झाले तेव्हा जिल्हे सोळा होते, २०२२ मध्ये ते तेहतीस झाले. छत्तीस भरायला अजून तीन हवेत.

शेजाऱ्याचा रोख मात्र दुसरीकडे होता. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर पूर्वेच्या स्वारीवर निघाले, तेव्हा वाटेत रतनपूर लागले. गादीवर राजा रघुनाथसिंह होता. वयाने थकलेला आणि एकुलता एक मुलगा गेल्याच्या शोकात राज्यकारभाराकडे पाठ फिरवून बसलेला. त्याने प्रतिकार केलाच नाही. मराठ्यांच्या तोफांनी राजवाड्याचा एक भाग पाडला, तेव्हा एक राणी तटावर चढली आणि तिने तहाचे निशाण दाखविले, असे जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. नगरावर एक लाख रुपये दंड बसला, खजिन्यात होते ते गेले आणि फौज पुढे बंगालच्या वाटेला लागली. तेथे या स्वारांची 'बर्गी' म्हणून अशी दहशत बसली, की त्यांचे नाव अंगाईगीतात जाऊन बसले.

मी हे वाचून बराच वेळ स्वस्थ बसलो. आपली भाषा इतिहास विसरत नाही, असा माझा समज होता. अटकेपार झेंडे लागले, ते आपल्या बोलण्यात राहिले. पानिपत झाले, आजही कोणाचा धंदा बुडाला तर त्याचे पानिपत होते. 'ध'चा 'मा' झाला, तोही कोणी विसरले नाही. आपला जय आणि आपला पराजय, दोन्हींना आपण वाक्प्रचारांत जागा दिली. पुत्रशोकात बसलेल्या म्हाताऱ्याच्या वाड्यावर तोफा डागल्या, त्यावर मात्र आपल्याकडे एकही म्हण नाही. ती मला कोणाच्या तोंडी आढळली नाही, आणि माझ्या आजीला तर म्हणींवाचून पाणीही गोड लागत नसे.

अर्थात सगळाच हिशेब तोफेचा नाही. रघूजींचे पुत्र बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहिले. दोन्ही अठरांचा कारभार एका छत्राखाली आला तो त्यांच्याच काळात. रामटेकडीवरचे राममंदिर त्यांनी बांधविले, दरबारात मराठी आणि मोडी आणली, आणि दसऱ्याला सोन्याची पाने देण्याचा प्रघात पाडला, असे येथील शाळेतली मुलेही सांगतात. त्यांच्यामागून आलेल्या सुभेदारांची आठवण इतकी गोड नाही. नागपूरला वसूल हवा होता आणि त्यांनी तो पोहोचविला. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास आणले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्यच संपले.

राज्य गेले, माणसे राहिली. आमच्या शहरात तात्यापारा नावाची वस्ती आहे. पारा म्हणजे मोहल्ला. त्याच्या आधीचा 'तात्या' कोठून आला, हे मराठी श्रोत्याला सांगायला नको. माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, वामनराव लाख्यांनी त्यांना साथ दिली. समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदी वाचकाच्या हाती गेले ते सप्र्यांच्याच लेखणीतून. लाख्यांचे नाव आज एका नगराला आहे. येथे एक लाख दंड घेणाऱ्यांचे भाषाबंधू दीडशे वर्षांनी लाखे म्हणून नांदले, हा विनोद माझा नव्हे, नियतीचा.

भाषेचेही असेच. छत्तीसगढीत एखाद्या शब्दावर जोर द्यायचा झाला की शेवटी 'च' येतो, अगदी आपल्यासारखा. बाजारातल्या भाजीवालीच्या तोंडून तो 'च' ऐकला की मला उगीचच माहेर भेटल्यासारखे होते. मात्र ताटापाशी मते फुटतात. आपल्याकडे शिळ्या कढीला ऊत आणणे हे दूषण. इकडे रात्रभर पाण्यात भिजविलेला शिळा भात, म्हणजे बासी, हा उन्हाळ्यातला जीव की प्राण. २०२२ साली १ मे या दिवशी, कामगार दिनानिमित्त, सरकारनेच सर्वांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले. मी त्या दिवशी सकाळी महाराष्ट्र दिन म्हणून श्रीखंड खाल्ले आणि दुपारी शेजाऱ्याकडे कांदा-मिरचीबरोबर बासी. दोन्ही पचले.

त्याच वर्षी दसऱ्याला मी सोने घेऊन त्याच्याकडे गेलो. रतनपूरची सगळी हकीकत मी त्याला सांगितली होती. ती त्याला माझ्याआधीच ठाऊक होती, हे ओघानेच आले. त्याने माझ्या हातातली पाने घेतली, एकेक करून मोजली, पाच निघाली. मग चष्मा कपाळावर चढवून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने त्याने मला बाकी सांगितली : नव्व्याण्णव हजार नऊशे पंचाण्णव. व्याज त्याने सोडले होते.