टर्कीचा तुकडा आणि चष्म्याचा नंबर

1981च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, रंगस्वामी श्रीनिवासन जेवणातली उरलेली टर्की घेऊन न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत आले. मद्रासमध्ये शिकलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम या सहकाऱ्यांसह तिच्यावर एक्सायमर लेसर रोखला. 193 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांनी ती नेमकी कोरली गेली; आजूबाजूचा भाग भाजला नाही.

अशी नेमकी कोरणी डोळ्यांनाही हवी होती. तोवर चष्म्याचा नंबर घालवायचा म्हणजे सुरी. मॉस्कोत नेत्रसर्जन फ्योदोरोव्ह पारपटलावर (कॉर्नियावर) चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देत. तिथे रुग्ण कारखान्यातल्या मालासारखे सरकत्या पट्ट्यावरून एका सर्जनकडून दुसऱ्याकडे जात. थाट मोठा, पण निकाल डळमळीत: अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या पाहणीत अशा 43 टक्के डोळ्यांचा नंबर किमान एक डायॉप्टरने प्लसकडे सरकलेला आढळला.

1983मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासह एक्सायमर पारपटलावर आजमावला. त्यातून आलेल्या पीआरके या शस्त्रक्रियेमध्ये वरची त्वचा खरवडून लेसर फिरवतात. काही दिवस डोळा ठणकतो, नजर सावकाश स्थिरावते.

क्रीटमधले नेत्रतज्ज्ञ पालिकारिस यांच्या लॅसिक पद्धतीने हे दुखणे टाळले. पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलायचा, खाली लेसर, पापुद्रा परत जागेवर. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना स्वच्छ दिसते. लोकप्रियतेचे गुपित तेच. मात्र पापुद्रा सरकण्याची जोखीम आणि कोरडे डोळे ही त्याची किंमत. पुढे आलेल्या स्माइल या पद्धतीत पापुद्राच नसतो. काही मिलिमीटरच्या छेदातून भिंगाकार चकती काढतात.

तरी पीआरके निवृत्त झालेली नाही. पारपटल पातळ असेल, तर सर्जन आजही तिच्याकडेच वळतात.